सुरूचा शेंडा

डिसेंबर लागला की हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या दुकानांबाहेर प्लास्टिकची झाडं उभी राहतात. हिरवीगार, सगळ्या फांद्या एका मापाच्या. गेल्या आठवड्यात मुलीसाठी स्वेटर घ्यायला गेले होते, तर दुकानदारानं माझी नजर तिकडं वळलेली पाहिली आणि लगेच म्हणाला, "मॅडम, तीन फुटी दाखवू की पाच फुटी? सण झाला की घडी घालून माळ्यावर टाकायचं. दहा वर्षं काही होत नाही."

मी एक फांदी बोटात धरून पाहिली, नाकाजवळ नेली. वास नव्हता.

"नको," म्हटलं, "आमचं झाड शेतात आहे."

त्यानं माझ्या कुंकवाकडं पाहिलं, गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं पाहिलं आणि मान हलवली. त्याला काय वाटलं असेल ते मला कळलं. नाताळ हा आमच्या घरचा सण नव्हे, आणि आमच्या घरी झाड उभंही राहत नाही. पण गेली कितीतरी वर्षं धारवाडातल्या एका घरात जे झाड उभं राहतं ते आमच्या बांधावरचं असतं, आणि ते तोडून तिथवर पोचवायचं काम माझं असतं. एवढं सगळं दुकानात उभं राहून सांगता येत नाही. स्वेटर घेतला आणि निघाले.

या दिवसांत हुबळी-धारवाडची हवा कोरडी आणि गोड होते. सकाळी तळ्यांवर धुकं असतं. गाड्यांवर नव्या शेंगा भाजायला लागतात. शाळेत पोरं तळहात घासत गणितं सोडवतात, आणि मी फळ्याकडं तोंड करून उभी असताना मध्येच मला मनगटाला गुदगुल्या झाल्यासारखं होतं. सुरूची पानं तशीच लागतात. ती पानं म्हणायची की बारीक हिरव्या काड्या, देव जाणे. झाड छातीशी धरून नेताना त्या बाहीतून आत शिरतात. डिसेंबर आठवतो तो आधी हातांना, मग डोक्याला.

आमचं गाव अळणावरच्या पलीकडं, जंगलाला लागून. घरात मराठी, बाजारात कन्नड, अशी आमची भाषा. जमीन थोडी, भाताची. वनखात्यानं एकदा गावात सुरूची रोपं वाटली. बाकीच्यांची गुरांनी खाल्ली. अप्पांनी मात्र बांधावर अकरा रोपं लावली, काटेरी फांद्यांचं कुंपण केलं आणि जगवली. मी शाळेत जायच्या वयाची झाले तोवर ती घराच्या वर गेली होती. वारा सुटला की त्यातून एक लांबलचक 'सूंऽऽ' यायचं. समुद्र पाहिलेला एक नातेवाईक म्हणाला होता, समुद्राचा आवाज असाच असतो. त्यामुळं आम्हाला समुद्र पाहायची फारशी घाई नव्हती.

गावात सातवीपर्यंत शाळा होती. तिथं धारवाडहून रोज एक बाई शिकवायला यायच्या. सकाळच्या पॅसेंजरनं अळणावर, आणि तिथून हेडमास्तरांच्या स्कूटरवर मागं बसून गाव. नाव प्रेमा. आमच्याकडं शिक्षिकेला अक्कोरू म्हणतात, म्हणून त्या प्रेमा अक्कोरू. घरची भाषा कन्नड, धर्म ख्रिस्ती. मराठी त्या आम्हा पोरांकडून शिकल्या आणि आमचं चुकलेलं मराठी आम्हालाच दुरुस्त करून द्यायच्या.

मी दुसरीत असताना एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्या माझ्याबरोबर घरी आल्या. अप्पा गोठ्यात होते. अक्कोरू बांधाकडं बोट करून म्हणाल्या, "परसूअण्णा, ह्यातल्या एका झाडाचा शेंडा मला द्याल काय? नाताळाला घरात झाड लावतो आम्ही. धारवाडात फांदी मिळते, पण ती सुकलेली असते. दुसऱ्या दिवशी सगळी पानं खाली."

अप्पांना नाताळ म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, "देवाला लागतंय?"

"होय की. देवालाच."

"मग विचारायचं काय त्यात?" असं म्हणून ते कोयता कमरेला लावून झाडावर चढले.

तेव्हापासून ती रीतच झाली. डिसेंबरातला एक शनिवार झाडाचा. अर्ध्या दिवसाची शाळा सुटायच्या वेळी अक्कोरूंचे यजमान, प्रभाकर काका, सकाळच्या दुसऱ्या पॅसेंजरनं अळणावरला उतरून चालत गावात यायचे. जुन्या हुबळीत एका लेथवर ते काम करायचे. उंच, सडपातळ, बोलायला कमी. हातात करवत असायची, पण ती वापरायची वेळ यायची नाही, कारण अप्पा दुसऱ्याला आपल्या झाडावर चढू देत नसत. दर वर्षी झाड वेगळं. नुसता वरचा शेंडा कापायचा, माणसाच्या उंचीचा. खाली सोडताना दोराला बांधून हळूच, जसं काही आत कुणी झोपलंय. मग आई काकांना ताक द्यायची आणि अक्कोरू कर्जीकाईचा डबा उघडायच्या. आपल्या करंजीचीच बहीण, पण आत खोबऱ्याबरोबर भाजलेले तीळ. शेंडा सुतळीनं आवळून काका खांद्यावर घ्यायचे आणि दोघं अळणावरच्या वाटेला लागायची. वळणावर ती दिसेनाशी झाली तरी हिरवं टोक थोडा वेळ दिसत राहायचं.

त्या झाडाचं पुढं काय होतं ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. अक्कोरू दर वर्षी म्हणायच्या, "या की एकदा नाताळाला." अप्पा दर वर्षी म्हणायचे, "बघूया की." नाताळ म्हणजे भाताच्या मळणीचे दिवस. जाणार कोण?

सातवीनंतर मी अळणावरच्या हायस्कूलला जायला लागले. सहा किलोमीटर, त्यातले तीन जंगलातून. शेवंता नावाची माझी मैत्रीण बरोबर असायची. दोघी असलो की रस्ता लहान व्हायचा. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर शेवंताचं लग्न झालं. ती सासरी गेली, आणि चार दिवसांनी मामा आमच्या घरी येऊन अप्पांना म्हणाले, "एकट्या पोरीला रानातनं पाठवतोस? काय झालं तर?" अप्पांना स्वतःलाच भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी माझं दप्तर खुंटीला राहिलं. कुणी 'शाळा बंद' असं म्हटलं नाही. नुसतं सकाळी आईनं माझ्या हातात विळा दिला आणि माझ्याकडं न बघता ती पुढं चालायला लागली.

मी रडले वगैरे नाही. आमच्याकडं बहुतेक मुलींचं असंच व्हायचं, त्यामुळं यात रडण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. फक्त सकाळी साडेआठ वाजले की पाय आपोआप अंगणाच्या कडेला जायचे.

मग तो झाडाचा शनिवार आला. आम्ही खळ्यावर होतो. भाताच्या पेंढ्या झोडपून माझे हात सोललेले, केसांत कोंडा. अक्कोरू आणि काका बांधावरून येताना दिसले. अक्कोरूंनी मला पाहिलं आणि त्या थांबल्याच.

"आज हायस्कूलला सुट्टी नाही," त्या म्हणाल्या. "तू इथं कशी?"

अप्पा कोयता पुसत पुढं आले आणि सगळं सांगितलं. शेवंताचं लग्न, रान, मामा. अक्कोरू ऐकत होत्या. अप्पांचं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"दीड महिना मी ह्या गावात रोज येते, परसूअण्णा. रोज. आणि मला कुणी सांगितलं नाही?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी हातातला डबा खळ्याच्या मातीतच ठेवला. "मार्चात तिची परीक्षा आहे. फॉर्म भरलाय. सातवीला ती माझ्या वर्गात पहिली आली होती."

"पण अक्कोरू, वाट—"

"वाटेचंच बोलते मी. मी रोज सकाळी धारवाडहून अळणावरला येते, संध्याकाळी परत जाते. ही माझ्या घरी राहील. सकाळी माझ्याबरोबर गाडीत बसेल, अळणावरला उतरून शाळेत जाईल. संध्याकाळी स्टेशनवर भेटू. रानाचा प्रश्नच नाही. तीन महिने तर आहेत."

अप्पांनी काकांकडं पाहिलं. काका म्हणाले, "आमच्याकडं एक खोली रिकामीच असते." त्या दोघांना मूल नव्हतं. हे तेव्हा मला माहीत होतं, पण त्या वाक्याचं वजन कळायचं वय नव्हतं.

अप्पांनी कोयत्याची धार बोटानं चाचपली. मग हळूच म्हणाले, "गाव काय म्हणेल? तुमचा धर्म वेगळा."

यावर बोलली ती आई. ती आतापर्यंत सुपानं भात वारवत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "पोरीला देव बदलायचाच असेल तर तो हितं बसूनबी बदलंल. शाळा तेवढी हितं बसून व्हत न्हाई."

माझ्या आईला सही करता येत नव्हती. तिच्या तोंडून एवढं सरळ वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि अप्पांनीही ऐकलं नसावं. ते झाडाकडं गेले, चढले, शेंडा कापून खाली सोडला आणि उतरल्यावर म्हणाले, "नाताळापर्यंत ऱ्हाऊ दे. मग मी येतो आणि बघतो."

तासाभरात मी तयार झाले. पत्र्याच्या पेटीत दोन फ्रॉक, शाळेचा गणवेश, पुस्तकं. आईनं फळीवरची गणपतीची लहान तसबीर पदरानं पुसून पेटीत ठेवली आणि वर भाताच्या लोंब्यांची एक जुडी. "पहिल्यांदा कुणाच्या घरी ऱ्हायला जातीस. रिकाम्या हातानं जाऊ नको." त्या दिवशी अळणावरच्या वाटेवर झाडाच्या पुढं काका, मागं अक्कोरू आणि मध्ये पेटी डोक्यावर घेतलेली मी. वळणावरून मागं पाहिलं तर आई खळ्यावर परत कामाला लागली होती. अप्पा मात्र उभे होते.

पॅसेंजरमध्ये झाड आत घेताना गंमत झाली. टोक एका दारातून आत, बुंधा अजून फलाटावर, आणि गार्डची शिट्टी वाजलेली. आतल्या माणसांनी ओढून घेतलं. मग ते सीटच्या मध्ये आडवं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं पाय वर घेऊन बसलेली. बांगड्यांची टोपली घेतलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "याव गिडा री इदु?" हे कसलं झाड? काका म्हणाले, क्रिसमसचं. तिला ते कळलं नाही. "लग्नाचं काय?" तिनं पुन्हा विचारलं. काका हसले आणि हो म्हणाले. मग म्हातारीनं टोपलीतून दोन हिरव्या बांगड्या काढल्या, लग्नघरची पोर समजून माझ्या हातात चढवल्या आणि धारवाड येईपर्यंत झाडाचा एक बारका डहाळा मांडीवर घेऊन बसली. कुणाचं लग्न, तिनं विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

अक्कोरूंचं घर लहान, मंगलोरी कौलांचं, पुढं शेवंतीच्या कुंड्या. रिकामी खोली म्हणजे एक खाट, एक टेबल आणि खिडकी. अक्कोरूंनी माझ्या पेटीतली तसबीर पाहिली, टेबलाच्या वरच्या भिंतीवर आधीच असलेल्या खिळ्याला ती अडकवली आणि म्हणाल्या, "जास्वंद शेजारच्यांच्या आवारात आहे. सकाळी मागून आण." बस्स. त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

झाड रविवारी दुपारी उभं केलं. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात ओली वाळू, त्यात बुंधा. मग काकांनी माळ्यावरून एक खोकं उतरवलं. मला वाटलं होतं, आत बाजारातल्या झगमगीत वस्तू असतील. तसलं काही नव्हतं. लेथवर पितळ कातताना ज्या सोनेरी कुरळ्या पट्ट्या निघतात, त्या काका वर्षभर जमवायचे. त्या फांद्यांवर टाकल्या की खिडकीतल्या उन्हात सगळं झाड पेटल्यासारखं दिसायचं. बर्फाच्या जागी कापूस. तो अमरगोळच्या मार्केट यार्डातला, काकांच्या एका मित्रानं बोंडासकट दिलेला. काका म्हणाले, "बर्फ मी पाहिलेला नाही. कापूस आपल्या मातीतला आहे. देवाला चालतो." वहीच्या पुठ्ठ्याचे तारे, काडेपेट्यांना चांदीचा कागद लावून केलेली घरं. प्रत्येक वस्तूला वर्ष होतं आणि करणाऱ्याचं नाव. घरातल्या प्रत्येकानं दर वर्षी एक तरी वस्तू स्वतःच्या हातानं करायची, असा त्यांचा नियम होता. इतकी वर्षं 'प्रत्येकानं' म्हणजे दोघांनीच.

"तू काय करणार?" अक्कोरूंनी विचारलं.

मला काही येत नव्हतं. मग आईनं दिलेली लोंब्यांची जुडी आठवली. सुगीत दाराला बांधतात तशी एक झुबकेदार गुंफण मी केली. काकांनी स्टूल धरलं आणि ती मी झाडाच्या मधोमध अडकवली. पितळी पट्टीनं माझं बोट कापलं. अक्कोरूंनी हळद लावली आणि म्हणाल्या, "दर वर्षी कुणाचं तरी बोट कापतं. बरं झालं, ह्या वर्षी तुझं."

आता लिहिताना वाटतं, मला त्या घरात पाहुणी समजलं गेलं नाही ते या एका वाक्यामुळं.

पुढं मी शिक्षिका झाले, लग्न होऊन हुबळीला आले. पहिल्या डिसेंबरात मी नवऱ्याच्या स्कूटरवर झाड आडवं धरून धारवाडला निघाले तेव्हा सासूबाई दारात आल्या. म्हणाल्या, "अगं बाई, हे काय? आणि कुणाचं?" सगळी गोष्ट ऐकून घेतली, आत गेल्या आणि शेंगा होळगीचा, म्हणजे शेंगदाण्याच्या गोड पोळ्यांचा, डबा घेऊन आल्या. "रिकाम्या हातानं जाऊ नको." माझ्या आईचंच वाक्य. दोघींची तोवर एकदाच भेट झाली होती.

अक्कोरूंचे आभार मानायचा प्रयत्न मी एकदाच केला. त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी. काय काय मनाशी जुळवून गेले होते. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब की. तुमच्या अप्पांनी आठ वर्षं झाडावर चढून शेंडा दिला. एकदा तरी मी असं भाषण केलं काय? चहा गार होतोय." मी चहा प्यायले. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या डिसेंबरात त्या खाटेवर पडून होत्या. झाड तिथून दिसेल असं आम्ही ते दाराशी सरकवलं, आणि त्यांनी पडल्या पडल्या हुकूम सोडले. कापूस डावीकडं जास्त झालाय, तो तारा उलटा लागलाय. त्या वर्षीची त्यांची वस्तू म्हणजे त्यांच्या खडूच्या डबीचं झाकण, मध्ये भोक पाडून दोरा ओवलेलं. हात थरथरत असल्यामुळं त्यावर काढलेलं फूल वाकडं आलं होतं. आता काका आणि मी आणि माझी मुलगी झाड लावतो. काकांचं वय झालंय, अप्पांचंही. अप्पा वर चढत नाहीत. खाली उभे राहून कोयता चालवणाऱ्या माणसाला शिव्या देतात.

पण मला सांगायचा आहे तो दिवस अजून बाकी आहे.

दहावीच्या वर्षी, झाड उभं केल्यापासून नाताळापर्यंतच्या पंधरवड्यात मी अक्कोरूंबरोबर रोज सकाळी अळणावर गाठत होते. गाडीत त्या मला इतिहास विचारायच्या आणि मी खिडकीबाहेर धुक्यातली शेतं बघत उत्तरं द्यायचे. हायस्कूलमध्ये आमच्या गावचा एक मुलगा होता. त्यानं एक दिवस सांगितलं, "तुझ्या मामानं स्थळ आणलंय. आणि गावात म्हणतात, तुला बाटवणार." मी ते अक्कोरूंना सांगितलं नाही. त्यांना आधीच माहीत असावं, कारण त्या दिवसांत परतीच्या गाडीत त्या इतिहास विचारायचं विसरायच्या.

नाताळाच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "उद्या मी येऊ काय चर्चला? गाणी ऐकायला." मला खरंच जायचं होतं. संध्याकाळी शेजारच्या घरात गाणी बसवत होते, ती मला आवडली होती. अक्कोरू पीठ मळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "तुझ्या आईला विचारलेलं नाही. तिनं तुला शाळेसाठी पाठवलंय. तू घरी थांब. आल्यावर सगळे मिळून जेवू."

मला राग आला. रात्रभर टिकला.

सकाळी ती दोघं गेली. मी गणपतीला फूल वाहिलं, भूमितीचं पुस्तक उघडलं आणि तेवढ्यात फाटक वाजलं. अप्पा. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी, हातात कापडाचं एक गाठोडं. ते दारातच चपला काढून उभे राहिले. "त्या कुठं?"

"चर्चला गेल्यात. दोघंबी."

"आणि तू?"

"मी विचारलं होतं येऊ काय म्हणून. अक्कोरू न्हाई म्हणाल्या. म्हणाल्या, आईला विचारलेलं न्हाई."

अप्पा आत आले. मी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं, आणि मग त्यांना झाड दिसलं. ते तसेच बघत राहिले. खिडकीतून ऊन आलेलं होतं. पितळेच्या पट्ट्या हलत होत्या. ते जवळ गेले. आधी कापसाला हात लावला, मग लोंब्यांना. एक दाणा नखानं सोलून पाहिला. "आपला इंटाण भात हाय ह्यो," ते म्हणाले. मग बसून डब्यातली वाळू चाचपली. झाड जरा एका बाजूला कललं होतं. त्यांनी बुंध्याशी दोन दगड रोवून ते सरळ केलं, मागं सरून पाहिलं आणि हात जोडावेत की नाही अशा विचारात क्षणभर थांबले. मग जोडले.

माझ्या खोलीत ते फक्त दारापर्यंत आले. खाट, टेबल, उघडं पुस्तक, भिंतीवर तसबीर, तिच्यावर ताजं फूल. त्यांनी ते सगळं एकदा पाहिलं आणि ओसरीवर जाऊन बसले. मी मागून गेले.

"मामानं उद्या पाहुणे बोलावल्यात," ते समोरच्या कुंड्यांकडं बघत म्हणाले. "तुला न्यायला आलोय मी. आईनं लुगडं दिलंय तुझ्यासाठी." गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं.

मी उभीच राहिले. तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि ते लपवायलाही सुचलं नाही.

अक्कोरू आणि काका परतले तेव्हा आम्ही दोघं तसेच ओसरीवर होतो. अक्कोरूंनी गाठोडं पाहिलं. कशासाठी आलंय ते त्यांना कळलं असणार. पण त्या म्हणाल्या एवढंच, "शेवटी आलात, परसूअण्णा. आठ वर्षांनी. चला, पानं घ्या." अप्पांसाठी त्यांनी वेगळी, मांसाशिवायची भाजी केलेली होती. गुरुवारी आमच्या घरात मांस चालत नसे आणि नाताळ त्या वर्षी गुरुवारी आला होता, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. जेवताना झाडाबद्दल बोलणं झालं, भाताबद्दल झालं. माझ्याबद्दल नाही. कुणीच विषय काढला नाही. मी वाढत होते आणि प्रत्येक वेळी वाटत होतं, आता म्हणतील, आता म्हणतील.

हात धुतल्यावर अप्पा म्हणाले, "अक्कोरू, मी हिला न्यायला आलो होतो."

"माहीत आहे."

"ह्या पोरीला तुम्ही तुमच्या देवळात नेली न्हाई. मी हिला पाठवायला कचरत होतो ते ह्याचसाठी, आणि तुम्ही..." त्यांना पुढचं वाक्य जुळेना. ते अक्षरशः हात हलवत शब्द शोधत होते. शेवटी म्हणाले, "दुपारची गाडी किती वाजता?"

"तीनला," काका म्हणाले.

"मी निघतो मग."

'मी' म्हणाले. 'आम्ही' नाही. हे मला समजायला थोडा वेळ लागला. अक्कोरूंना लगेच समजलं, कारण त्या पाठ फिरवून डबा भरायला लागल्या आणि बराच वेळ भरत राहिल्या.

स्टेशनवर त्यांना सोडायला मी आणि काका गेलो. अप्पा खिडकीशी बसले. गाठोडं मांडीवरच होतं. मी गजाला धरून विचारलं, "मामांना काय सांगणार?"

"सांगतो, गाडी चुकली."

"पण तुम्ही तर गाडीनंच जाताय."

"मग सांगतो, पोरगी चुकली. गावली न्हाई." ते स्वतःच हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चालले, तसे ते एकदम गंभीर झाले आणि खिडकीतून वाकून मोठ्यानं म्हणाले, अशा आवाजात की सगळ्या फलाटानं वळून पाहिलं:

"संक्रांतीला येऊ नको! तिळगूळ घेऊन मीच येतो. तू परीक्षा झाल्याबिगर घरचं तोंड बघायचं न्हाई. समजलं?"

समजलं, असं मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.